कपातले कॅफीन, रक्तातले कॅफीन : गर्भवतींना दिलेल्या एका इशाऱ्याचा इतिहास

१/
सप्टेंबर १९८०. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाचे आयुक्त जेरे गोयन यांनी देशातील गर्भवती स्त्रियांसाठी एक सूचना प्रसिद्ध केली. कॅफीन असलेले पदार्थ आणि औषधे शक्यतो टाळावीत, टाळता येत नसतील तर बेताने घ्यावीत, असा तिचा आशय होता. ज्या देशात कॉफी हे घराघरांतले रोजचे पेय, तेथे ही सूचना किरकोळ नव्हती. तिचा मुख्य आधार मात्र प्रयोगशाळेतील उंदरांवर झालेला एक प्रयोग होता.

२/
आज जगातील अनेक आरोग्यसंस्था गर्भवतींसाठी ‘दिवसाला २०० मिलिग्रॅम’ ही मर्यादा सांगतात. उंदरांच्या त्या प्रयोगापासून या आकड्यापर्यंत पोहोचायला जवळपास तीस वर्षे लागली. वाटेत सिगारेटने संशोधकांना चकवले, मळमळीने चकवले आणि खुद्द कपानेही चकवले. आईने किती कप प्यायली हे मोजणे सोपे होते. बाळापर्यंत किती पोहोचले हे कळणे अवघड होते. या दोन मोजमापांतील अंतराची ही कथा आहे.

३/
कॉफीवर संशय घेण्याची परंपरा जुनी आहे. १६७४ मध्ये लंडनमध्ये स्त्रियांच्या नावाने कॉफीविरुद्ध एक उपरोधिक अर्ज छापला गेला. त्यातील तक्रार पुरुषांविषयी होती : कॉफीगृहांत बसून नवरे निकामी झाले आहेत! कॉफीतील नेमके द्रव्य हाती यायला पुढे जवळपास दीड शतक जावे लागले. १८१९ मध्ये येना येथे महाकवी गटे यांनी फ्रिडलीब रुंग या तरुण रसायनशास्त्रज्ञाच्या हाती कॉफीच्या बिया ठेवल्या आणि त्यांचे पृथक्करण करण्यास सुचविले. त्यातून रुंगने कॅफीन वेगळे केले.

४/
कॅफीनवरचा पहिला गाजलेला खटला अमेरिकेत उभा राहिला. १९०९ मध्ये सरकारने कोका-कोलाचा साठा जप्त केला आणि १९११ मध्ये टेनेसी राज्यातील चॅटनूगा येथे सुनावणी झाली. कंपनीच्या वतीने मानसशास्त्रज्ञ हॅरी हॉलिंगवर्थ यांनी कॅफीनचा बुद्धीवर व हालचालींवर होणारा परिणाम मोजला. ते प्रयोग प्रत्यक्ष पार पाडण्यात त्यांची पत्नी लीटा हिचा मोठा वाटा होता. त्या काळाच्या मानाने ते प्रयोग अतिशय काटेकोर होते. पण त्यांचा विषय प्रौढांची कार्यक्षमता हा होता. गर्भातील बाळ त्या वादाच्या केंद्रस्थानी नव्हते.

५/
याचे एक कारण तत्कालीन वैद्यकात होते. वार ही एक भक्कम भिंत आहे, आईच्या शरीरातील अपायकारक द्रव्ये ती सहसा पलीकडे जाऊ देत नाही, अशी समजूत दीर्घकाळ टिकून होती. १९४१ मध्ये ऑस्ट्रेलियातील नेत्रतज्ज्ञ नॉर्मन ग्रेग यांनी गर्भवतीला झालेला रुबेला आणि बाळाच्या डोळ्यांतील मोतीबिंदू यांचा संबंध दाखविला, तेव्हा त्या भिंतीला पहिला मोठा तडा गेला. १९५७ मध्ये पश्चिम जर्मनीत बाजारात आलेल्या थॅलिडोमाइडने ती पूर्ण कोसळवली. हे औषध गर्भारपणातील मळमळीवरही दिले जाई. हजारो मुले अपूर्ण हातापायांनी जन्मल्यावर १९६१ च्या अखेरीस ते तेथे मागे घेण्यात आले.

६/
थॅलिडोमाइडनंतर प्रश्न विचारण्याची पद्धतच बदलली. कोणतेही द्रव्य गर्भासाठी निरुपद्रवी आहे असे गृहीत धरणे आता परवडणारे नव्हते. कॅफीनचा रेणू लहान. तो पाण्यातही विरघळतो आणि पेशींची आवरणेही सहज ओलांडतो. वार त्याला अडवत नाही. १९७७ मध्ये अमेरिकेच्या युटा परिसरातील एका पाहणीत, अतिशय जास्त कॅफीन घेणाऱ्या मोजक्या स्त्रियांच्या गर्भारपणात बरीच गुंतागुंत आढळली. तेथील मॉर्मन समाजात चहा-कॉफी धर्माने वर्ज्य असल्याने तुलनेसाठी न पिणाऱ्या स्त्रियाही मिळाल्या. पण जास्त कॅफीन घेणाऱ्यांची संख्या इतकी थोडी होती, की त्यावरून निष्कर्ष काढणे धाडसाचे होते.

७/
१९७९ मध्ये एका ग्राहकहितवादी संस्थेने चहा-कॉफीच्या वेष्टनांवर गर्भवतींसाठी इशारा छापावा, अशी मागणी अन्न व औषध प्रशासनाकडे केली. प्रशासनाचे शास्त्रज्ञ थॉमस कॉलिन्स यांचा प्रयोग याच सुमारास पुढे आला. गाभण उंदरांच्या माद्यांना नळीने थेट जठरात कॅफीन देण्यात आले होते. शरीराच्या वजनाच्या दर किलोमागे ८० मिलिग्रॅम आणि त्याहून अधिक मात्रेला काही पिल्लांच्या पायांची बोटेच तयार झाली नाहीत. थॅलिडोमाइडची छायाचित्रे ज्यांच्या स्मरणात ताजी होती, त्यांना हा निष्कर्ष वाचून काय वाटले असेल, हे सांगायला नको. गोयन यांची सूचना यानंतरची.

८/
आक्षेपही लगेच आले. वजनाचा सरळ हिशेब मांडला, तर ८० मिलिग्रॅम म्हणजे ६० किलो वजनाच्या स्त्रीने एका दमात ४,८०० मिलिग्रॅम, म्हणजे चाळीसहून अधिक कप कॉफी पोटात रिचवण्यासारखे होते. मग कॉलिन्स यांनीच प्रयोग वेगळ्या रीतीने केला. या वेळी कॅफीन पिण्याच्या पाण्यात मिसळले. माद्या ते दिवसभर घोटाघोटाने पीत राहिल्या. दिवसाची एकूण मात्रा मोठी असूनही बोटे नसलेली पिल्ले दिसली नाहीत. हाडे पक्की होण्यास उशीर झाल्याचे तेवढे आढळले. एकूण मात्रेइतकेच रक्तातील पातळी एका वेळी किती उंच चढते, यालाही महत्त्व होते. पुढच्या चाळीस वर्षांचे सूत्र येथेच दडलेले होते.

९/
आता माणसांचा पुरावा हवा होता. जानेवारी १९८२ मध्ये बॉस्टनमधील १२,२०५ स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. पहिल्या नजरेला चित्र स्पष्ट होते : जास्त कॉफी पिणाऱ्या स्त्रियांची बाळे वजनाने कमी भरत होती. पण यांतील कितीतरी स्त्रिया धूम्रपानही करत होत्या. धूम्रपानाचा हिशेब वेगळा काढताच कॉफीवरचा आरोप जवळजवळ विरून गेला.

१०/
सिगारेट आणि कमी दिवसांची बाळे यांचा संबंध कॅलिफोर्नियात विनिया सिम्पसन यांनी १९५७ मध्येच मांडला होता. कॉफी आणि सिगारेट यांची जोडी इतकी घट्ट होती, की एकीचे पाप दुसरीच्या माथी सहज जाई. गुंता आणखी एका कारणाने वाढे. धूम्रपानामुळे यकृताची कॅफीन निकाली काढण्याची गती वाढते. म्हणजे तितकीच कॉफी पिणाऱ्या दोघींपैकी सिगारेट ओढणारीच्या रक्तात कॅफीन कमी वेळ टिकते. कप सारखेच, रक्तातील मात्रा वेगळी.

११/
दुसरा चकवा मळमळीचा. १९९१ मध्ये झेना स्टाइन आणि मर्विन सस्सर या दांपत्याने त्याकडे लक्ष वेधले. वर्णद्वेषी राजवटीच्या काळात दक्षिण आफ्रिका सोडलेले हे संशोधक. १९४४-४५ च्या डच दुष्काळात गर्भावर झालेल्या परिणामांचा त्यांचा अभ्यास विख्यात आहे. त्यांचा युक्तिवाद असा : गर्भ नीट रुजला की पहिल्या महिन्यांत मळमळ वाढते, कॉफीचा वास नकोसा होतो आणि कॉफी आपोआप सुटते. गर्भ मुळातच टिकणारा नसेल तर संप्रेरके वाढत नाहीत, मळमळ होत नाही आणि कॉफी चालू राहते. पुढे गर्भपात झाला की नोंदीत दिसते ते एवढेच, की ही स्त्री जास्त कॉफी पीत होती.

१२/
कारण आणि परिणाम यांची ही अदलाबदल केवळ आकडेशास्त्राची गंमत नव्हे. गर्भ गमावलेली स्त्री स्वतःला विचारत असते, की माझ्याकडून काय चुकले? घरातले, शेजारचे तिला तेच विचारतात. अशा वेळी ‘ती कॉफी पीत होती’ हे वाक्य निकालपत्रासारखे वाचले जाऊ शकते. स्टाइन आणि सस्सर यांनी कॅफीनला निर्दोष ठरविले नाही. त्यांनी दाखवून दिले ते इतकेच, की हाती असलेल्या पुराव्याने ते दोषी ठरत नाही.

१३/
दरम्यान, १९८१ च्या सुमारास काही संशोधकांनी कप बाजूला ठेवून आईच्या शरीराकडे पाहिले होते. एरवी प्रौढ व्यक्तीच्या रक्तातील कॅफीन निम्म्यावर यायला साधारण ५ तास लागतात. गर्भारपणाच्या मधल्या महिन्यांत हा काळ सुमारे दुप्पट होतो आणि अखेरच्या महिन्यांत १५ ते १८ तासांपर्यंत जातो. प्रसूतीनंतर थोड्याच दिवसांत तो पूर्ववत होतो. यकृतातील सीवायपी१ए२ नावाचे एन्झाइम कॅफीनचा बहुतांश भाग फोडते. गर्भारपणात त्याचे काम मंदावते.

१४/
याचा अर्थ नीट लक्षात घेण्यासारखा आहे. सकाळी सातला घेतलेल्या कॉफीचे कॅफीन एरवी दुपारी बाराच्या सुमारास निम्मे उरते. आठव्या-नवव्या महिन्यात ते निम्मे व्हायला रात्र होते, अगदी मध्यरात्रही उलटू शकते. दुसऱ्या दिवशीचा कप त्या शिल्लकीवर पडतो. गर्भाची आणि वारेची कॅफीन फोडण्याची क्षमता जवळजवळ शून्य. बाळाला त्यातून सुटका मिळते ती आईच्या यकृताच्या गतीने, आणि ती गती नेमकी याच काळात सर्वांत कमी असते.

१५/
वाढीवर परिणाम होत असेल तर तो कोणत्या मार्गाने? कॅफीन अॅडेनोसिन या द्रव्याच्या जागा अडवते. अॅडेनोसिन रक्तवाहिन्या सैल करते आणि शरीराला विश्रांतीचा इशारा देते. त्याला अटकाव झाला की अॅड्रेनलिनसारखी संप्रेरके वाढतात. १९८३ मध्ये फिनलंडमधील संशोधकांनी गर्भवतींना दोन कप कॉफीइतके कॅफीन दिले, तेव्हा वारेतील रक्तप्रवाह काही काळ कमी झाल्याचे दिसले. बाळाचे अन्न आणि प्राणवायू याच वाटेने येत असल्याने वाढीशी असलेला संबंध जैविकदृष्ट्या पटण्याजोगा होता. पटण्याजोगा म्हणजे सिद्ध झालेला, असे मात्र नाही.

१६/
आईच्या साखरेचे कोडे याहून चक्रावणारे आहे. कॅफीन घेतल्यावर काही तास इन्सुलिनचा प्रभाव कमी होतो, हे प्रयोगांत दिसले आहे. यावरून गर्भारपणातील मधुमेह वाढेल असे वाटते. पण २०२१ मध्ये अमेरिकेतील एका मोठ्या अभ्यासात, मधल्या महिन्यांत दिवसाला १०० मिलिग्रॅमपर्यंत कॅफीन घेणाऱ्या स्त्रियांत हा मधुमेह न घेणाऱ्यांपेक्षा कमी आढळला. तासाभराचा परिणाम आणि महिन्यांचा परिणाम एकाच दिशेने जाईल, असे शरीराने कबूल केलेले नाही. शिवाय कॉफीत कॅफीनखेरीज इतरही पुष्कळ द्रव्ये असतात.

१७/
२००७ मध्ये डेन्मार्कमधून एक दुर्मीळ प्रयोग आला. दिवसाला किमान तीन कप कॉफी पिणाऱ्या १,२०७ गर्भवतींना चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गटांत वाटले. एका गटाला नेहमीची झटपट कॉफी दिली, दुसऱ्याला कॅफीन काढलेली. कोणाच्या वाट्याला कोणती आली हे त्यांना माहीत नव्हते. बाळांच्या सरासरी वजनात फरक पडला अवघा १६ ग्रॅमचा. तो निव्वळ योगायोगानेही पडू शकतो. मात्र हा बदल गर्भारपणाच्या उत्तरार्धातला होता. पहिल्या महिन्यांविषयी हा प्रयोग काही सांगू शकत नव्हता.

१८/
पुढच्याच वर्षी इंग्लंडमधील लेस्टर आणि लीड्स येथील २,६३५ स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. येथे केवळ कप विचारले नाहीत. लाळेचे नमुने घेऊन प्रत्येकीचे शरीर कॅफीन किती वेगाने काढते हेही तपासले. दिवसाला १०० मिलिग्रॅमहून कमी घेणाऱ्यांच्या तुलनेत २०० ते २९९ मिलिग्रॅम घेणाऱ्यांत, बाळाची वाढ खुंटण्याची शक्यता सुमारे दीडपट दिसली. कॅफीन वेगाने निकाली काढणाऱ्या स्त्रियांत हा संबंध अधिक ठळक होता. या स्त्रियांच्या पोटात गेलेल्या कॅफीनपैकी निम्म्याहून अधिक कॉफीतून आलेच नव्हते. ते चहातून आले होते. नोव्हेंबर २००८ मध्ये ब्रिटनने आपली मर्यादा ३०० वरून २०० मिलिग्रॅमवर आणली.

१९/
२०१३ मध्ये नॉर्वेतील ५९,१२३ गर्भारपणांची नोंद तपासली गेली. रोजच्या दर १०० मिलिग्रॅम कॅफीनमागे बाळाचे वजन साधारण २१ ते २८ ग्रॅमने कमी आढळले. तीन-साडेतीन किलोच्या बाळात एवढा फरक डोळ्यांना दिसतही नाही. पण जन्माच्या वेळचे वजन आणि पुढील आयुष्यातील हृदयरोग यांचा संबंध ब्रिटनमध्ये डेव्हिड बार्कर यांनी १९८० च्या दशकात मांडल्यापासून अशा लहान फरकांकडेही लक्ष जाऊ लागले होते. शिवाय आधीच कमी वजनाच्या उंबरठ्यावर असलेल्या बाळासाठी थोडेसे वजनही महत्त्वाचे असते.

२०/
तरीही एक जुनी अडचण उरतेच : कप म्हणजे किती? ग्लासगोतील संशोधकांनी शहरातील वीस दुकानांतून एस्प्रेसो विकत घेऊन तपासली. एका दुकानाच्या कपात सुमारे ५० मिलिग्रॅम कॅफीन निघाले, तर दुसऱ्याच्या कपात ३०० हून अधिक. दोन स्त्रियांनी प्रश्नावलीत ‘दिवसाला एक कप’ असे लिहिले, तरी एकीने दुसरीच्या सहापट कॅफीन घेतलेले असू शकते.

२१/
२०२१ मध्ये अमेरिकेतील १२ केंद्रांतल्या दोन हजारांहून अधिक स्त्रियांच्या अभ्यासात संशोधकांनी पहिल्या तिमाहीच्या अखेरीस थेट रक्तातील कॅफीन मोजले. या स्त्रिया धूम्रपान न करणाऱ्या होत्या; त्यामुळे सिगारेटचा जुना चकवा बाजूला पडला. सर्वांत जास्त पातळी असलेल्या चतुर्थांश गटातील बाळे सर्वांत कमी पातळीच्या गटातील बाळांपेक्षा सरासरी ८४ ग्रॅमने हलकी होती. हेही निरीक्षणच, प्रयोग नव्हे. रक्तातील पातळीवरही प्रत्येकीच्या शरीराचा स्वभाव उमटलेला असतो. पण मोजमाप अखेर कपातून निघून रक्तापर्यंत पोहोचले होते.

२२/
या इतिहासाला एक विलक्षण जोडकथा आहे. ज्या कॅफीनविषयी गर्भवतींना सावध केले जाते, तेच फार लवकर जन्मलेल्या बाळांचे औषध आहे. अपुऱ्या दिवसांच्या बाळाचा श्वास मधूनमधून थांबतो. कॅफीन त्याच्या मेंदूतील श्वसनकेंद्राला चालना देते. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय चाचणीत ५०० ते १,२५० ग्रॅम वजनाची २,००६ बाळे होती. कॅफीन मिळालेल्या बाळांत फुप्फुसांचा दीर्घकालीन विकार कमी आढळला. नवजाताचे शरीर कॅफीन इतक्या संथपणे काढते, की ते निम्मे व्हायला चार दिवसही लागू शकतात. म्हणूनच तेथे मात्रा वजन पाहून ठरवली जाते आणि बाळ डॉक्टरांच्या देखरेखीखाली असते. द्रव्य तेच, वेळ, मात्रा आणि शरीर बदलले की त्याचा अर्थ बदलतो.

२३/
आज युरोपची अन्नसुरक्षा संस्था गर्भवतींसाठी दिवसाला २०० मिलिग्रॅमपर्यंतचे कॅफीन चिंतेचे मानत नाही. जागतिक आरोग्य संघटनेचा २०१६ चा सल्ला ३०० मिलिग्रॅमहून अधिक घेणाऱ्यांनी प्रमाण कमी करावे, असा आहे. भारतात कॅफीनयुक्त शीतपेयांच्या डब्यावर ती गर्भवतींसाठी नाहीत, असे छापणे बंधनकारक आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शिकेनुसार १५० मिलिलिटर गाळीव कॉफीत ८० ते १२०, झटपट कॉफीत ५० ते ६५ आणि चहात ३० ते ६५ मिलिग्रॅम कॅफीन असते. चहाच्या घरांत हिशेब चहाचाच करायला हवा. ‘आम्ही कॉफी पीत नाही’ म्हणून तो संपत नाही. जेवणाच्या आगेमागे तासभर चहा-कॉफी टाळावी, हा त्याच मार्गदर्शिकेचा सल्ला लोहाच्या शोषणासाठी आहे. कॅफीनशी त्याचा संबंध नाही, पण गर्भवतीच्या दृष्टीने तोही तितकाच महत्त्वाचा.

२४/
२०० मिलिग्रॅम ही निसर्गाने आखलेली रेषा नाही. १९९ ला बाळ सुरक्षित आणि २०१ ला धोक्यात, असे कोणताही अभ्यास सांगत नाही. अपुऱ्या, परस्परविरोधी, पण हळूहळू सुधारत गेलेल्या पुराव्यांवरून माणसांनी घेतलेला तो एक सावध निर्णय आहे. १९८० ची सूचना कच्च्या पुराव्यावर उभी होती, तरी थॅलिडोमाइडनंतरच्या काळात गप्प बसणेही जबाबदारीचे ठरले नसते. बदलला तो इशाऱ्याचा सूर : ‘टाळा’ येथून ‘मोजून घ्या’ येथपर्यंत.

२५/
म्हणून हा आकडा वापरायचा तो पुढच्या कपासाठी, मागच्या कपासाठी नव्हे. नकळत घेतलेल्या दोन कप चहावरून एखाद्या स्त्रीने स्वतःला दोष द्यावा, किंवा इतरांनी तिला द्यावा, इतके बळ या चाळीस वर्षांच्या पुराव्यात नाही. उद्याचा चहा थोडा कमी करावा, एवढे सांगण्याइतके बळ मात्र त्यात नक्कीच आहे.